घरचा माठ आणि राज्याची अबकारी

डिसेंबर उजाडला की दिल्लीतल्या सरकारी वसाहतींमध्ये एखाद्या तरी मराठी घरात काळ्या द्राक्षांची बरणी भरली जाते. कुणी मूळचे वसईकडचे असते, कुणी गोव्यात दोन-तीन वर्षे नोकरी करून आलेले असते. कुणाला शेजारच्या मल्याळी कुटुंबाने कृती लिहून दिलेली असते. द्राक्षे, साखर, चिमूटभर यीस्ट, दालचिनीचा तुकडा आणि तोंडाला फडके बांधलेली बरणी. तीन आठवड्यांनी ती गाळून घ्यायची आणि नाताळाला किंवा नववर्षाला पाहुण्यांपुढे ठेवायची. या उद्योगात आपण काही गैर करीत आहोत, अशी शंका फारशा कुणाला येत नाही. विकायचे नाही, कुणाला फसवायचे नाही, मग कायद्याचा संबंध येतोच कोठे?

संबंध येतो, आणि तो चांगलाच येतो. दिल्लीत लागू असलेल्या २००९ च्या अबकारी कायद्याचे कलम ३३ परवान्याविना कोणतेही मादक पेय तयार करणे हा गुन्हा मानते. इतकेच नव्हे, तर असे पेय तयार करण्यासाठी साहित्य, भांडी वा उपकरणे बाळगणे हाही त्याच कलमाखालील गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. घरगुती वापर, अल्प प्रमाण, सणाचे निमित्त यांपैकी कशाचाही उल्लेख या कलमात नाही. बरणीतली द्राक्षे पहिल्या दिवशी फळे असतात. त्यांना फेस येऊ लागला की कायद्याच्या दृष्टीने ती मद्यनिर्मिती होते.

याच कायद्याची दुसरी बाजू पाहिली म्हणजे विसंगती अधिक ठळक होते. दिल्लीत पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला घरात नऊ लिटर व्हिस्की, रम वा तत्सम मद्य आणि अठरा लिटर बिअर वा वाईन बाळगता येते. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. एका घरात १३२ बाटल्या सापडल्या म्हणून गुन्हा नोंदवला गेला होता. घरात पंचविशी ओलांडलेली सहा माणसे राहतात, हे दिसून आल्यावर न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. सहा माणसांच्या हिशेबाने चोपन्न लिटर व्हिस्की कायदेशीर ठरते. घरी आंबवलेली एक लिटर द्राक्षाची वाईन मात्र ठरत नाही. पहिल्या साठ्यावर राज्याला कर मिळालेला असतो, दुसऱ्यावर मिळालेला नसतो, एवढाच काय तो फरक. आपला अबकारी कायदा प्रकृतीसाठी आहे, नीतीसाठी आहे की तिजोरीसाठी, या जुन्या वादाचे उत्तर या हिशेबातच बरेचसे मिळते.

सरकारी सेवेतील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे बरे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २२ सांगतो की, कर्मचारी ज्या प्रदेशात असेल तेथे लागू असलेला मद्यविषयक कायदा त्याने काटेकोरपणे पाळला पाहिजे. 'ज्या प्रदेशात असेल तेथे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पणजीहून पाटण्याला किंवा रांचीहून गांधीनगरला बदली होणाऱ्या अधिकाऱ्यासाठी घरातील तीच वस्तू दर बदलीगणिक निराळी ठरते. फौजदारी आरोपावरून अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले, तर १९६५ च्या नियमांनुसार कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. एका बरणीपायी हे सारे होते असे नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण होऊ शकते की नाही हे कायदा ठरवीत नाही, दाराशी आलेला निरीक्षक ठरवतो. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

दुमका आणि बांका

झारखंडचा दुमका आणि बिहारचा बांका हे लगतचे जिल्हे. १५ नोव्हेंबर २००० पर्यंत दोन्ही एकाच राज्यात होते आणि दोन्हींना १९१५ चा एकच अबकारी कायदा लागू होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना संथाळ वस्त्या आहेत. शिजवलेल्या भातात 'रानू' नावाची वनौषधींची गोळी कुस्करून घालायची, मडके झाकून काही दिवस ठेवायचे आणि मग पाणी घालून गाळून घ्यायचे, ही हंडिया. सोहरायच्या सणात ती देवाला वाहिली जाते, पाहुण्याला दिली जाते, शेतावर राबणाऱ्याला दिली जाते. जुन्या बंगाल-बिहार कायद्यांच्या भाषेत तांदळाच्या वा भरड धान्याच्या अशा आंबवलेल्या पेयाला 'पचवई' म्हणतात, आणि ती घरच्या वापरापुरती करण्याची सवलत आदिवासींना इंग्रजी अमदानीपासून आहे. झारखंडात ती परंपरा चालू राहिली. विक्रीला परवानगी नाही, तरीही आठवडी बाजारात हंडिया विकणाऱ्या बायका सर्रास दिसतात. त्यांना दुसरा व्यवसाय मिळावा म्हणून राज्य सरकारने २०२० मध्ये 'फूलो-झानो आशीर्वाद अभियान' सुरू करून बिनव्याजी कर्जे देऊ केली.

बांक्यात काय घडले? एप्रिल २०१६ मध्ये बिहारमध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून नवा, अत्यंत कठोर कायदा लागू झाला. परवान्याविना मद्यनिर्मितीला मूळ कायद्यात दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. २०१८ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ती किमान पाच वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड अशी झाली. पिणाऱ्याला २०२२ मध्ये आणखी दिलासा मिळाला. पहिल्यांदा पकडला गेलेला मद्यपी आता दंड भरून सुटू शकतो. करणाऱ्याला तसा दिलासा नाही. मडके तेच, भात तोच, रानू तोच. मधल्या रेषेच्या अलीकडे आतिथ्य आणि पलीकडे पाच वर्षे.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर बालाघाट आणि गोंदियाचे घ्यावे. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरती आणि लग्नकार्यापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत गाळता येते. तोच गोंड कुटुंबप्रमुख सोयरिकीसाठी महाराष्ट्रात आला आणि तेथे त्याने मोहाची भट्टी लावली, तर तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खालचा आरोपी होतो. या कायद्यातले कलम १०३ तर असे की, मद्य वा भट्टीची भांडी कोणाच्या ताब्यात सापडली आणि त्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर गुन्हा घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारी जी थोडी कलमे आपल्याकडे आहेत, त्यांत हे एक आहे. ज्याला वकील परवडतो त्याला या कलमाची भीती कमी. ज्याला पंचनाम्यावरची सही म्हणजे अंगठा, त्याला अधिक.

मुंबईचा कायदा

महाराष्ट्रात आजही लागू असलेल्या या कायद्याचे नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' झाले असले, तरी तो मूळचा मुंबई प्रांताचा, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळातला. गुजरातचा कायदाही हाच. मद्याची त्यातली व्याख्या पाहण्यासारखी आहे: स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव. किती टक्के अल्कोहोल, याचा उल्लेख व्याख्येत नाही. शब्दशः अर्थ घ्यायचा म्हटला तर चार दिवस विसरलेला उसाचा रससुद्धा त्यात बसेल. या व्याप्तीला १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग उचलून धरला. औषधे व प्रसाधनांमधील अल्कोहोलवर घातलेली बंदी मात्र अवाजवी ठरवली. ओ-दि-कलोनची बाटली वाचली, माठ वाचला नाही. माठाचा प्रश्न कुणी न्यायालयापुढे नेलाच नव्हता.

२०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद सत्तारूढ आघाडीच्या नेत्यांनी केला होता. द्राक्षबागायतदारांच्या हिताचा तो युक्तिवाद राजकीयदृष्ट्या समजण्यासारखा होता. कायद्याच्या पुस्तकात मात्र वाईन पहिल्यापासून दारूच आहे. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही.

या कायद्यामागची दृष्टी १९४९ पेक्षा जुनी आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून गाळण्याचे काम मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे नेले. उरण हे त्यातले प्रसिद्ध केंद्र. ताडी-माडीच्या झाडांवर कर बसला. इंग्रज अधिकाऱ्यांना हिशेब सोपा हवा होता. दहा हजार मडक्यांवर कर बसवण्यापेक्षा दहा भट्ट्यांवर बसवणे सोयीचे. एवढ्यानेही भागेना, तेव्हा १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांवर निर्बंध आणणारा स्वतंत्र कायदा झाला. मोह हे आदिवासींचे दुष्काळातले अन्न आहे, गुरांचा चारा आहे, ही हरकत तेव्हाही घेतली गेली होती. मोहफुलांची साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्र सरकारने शिथिल केले ते २०२१ मध्ये. फूल मोकळे व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

घटना समितीतील एक दुपार

दारूबंदीचे तत्त्व राज्यघटनेत आले ते अनुच्छेद ४७ च्या रूपाने. मूळ मसुद्यात ते नव्हते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी महावीर त्यागी यांच्या दुरुस्तीवर घटना समितीत चर्चा झाली. त्या चर्चेत दोन मराठी माणसे एकमेकांसमोर उभी होती, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही. कोल्हापूरचे प्रतिनिधी बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेवरून बंदीला विरोध केला आणि मुंबई प्रांताची धुरा वाहणाऱ्या खेरांनी बंदीची बाजू मांडली. दोघांचेही बोलणे प्रामुख्याने शहरी मद्यपानाविषयी होते.

माठाविषयी बोलले ते छोटा नागपूरचे जयपालसिंह मुंडा. तांदळाची बिअर ही आदिवासींच्या धार्मिक विधीचा भाग आहे आणि ती मिळाली नाही तर संथाळ भाताची लावणी करू शकणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली, पण दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यांवर सक्ती नाही. आणि आदिवासी प्रदेशांसाठी जिल्हा परिषदांची जी व्यवस्था घटनेत केली जात आहे, तिच्यात याची काळजी घेतली आहे.

ही काळजी सहाव्या अनुसूचीत शब्दबद्ध आहे. परिच्छेद १२ म्हणतो की, 'गाळलेले नसलेले' मद्य पिण्यावर बंदी वा निर्बंध घालणारा राज्य विधिमंडळाचा कोणताही कायदा स्वायत्त जिल्ह्यात लागू होणार नाही. तेथील जिल्हा परिषदेने जाहीर अधिसूचना काढून तसे ठरवले तरच होईल. त्रिपुरा आणि मिझोराम यांच्यासाठीच्या परिच्छेदांतही हीच तरतूद आहे.

'गाळलेले नसलेले' या दोन शब्दांना फार महत्त्व आहे. आंबवणे आणि गाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे आपल्या घटनाकारांना ठाऊक होते आणि त्यांनी तो भेद लिहून ठेवला. आंबवलेल्या पेयाला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. अल्कोहोलचे प्रमाण बारा-पंधरा टक्क्यांच्या आसपास गेले की यीस्ट स्वतःच निष्क्रिय होते. त्याहून तीव्र दारू हवी असेल तर भट्टी लागते, नळी लागते, विस्तव लागतो. आगीचा धोका, तीव्रतेचा धोका आणि विक्रीचा मोह हे तिघेही भट्टीबरोबर येतात. विट्या-खानापूरकडून येऊन देशभर सोनेचांदी गाळणाऱ्या आपल्या गलाई बांधवांना गाळण्यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

परंतु हा भेद घटनेत ईशान्येच्या कोपऱ्यात राहिला. मध्य भारतातील आदिवासी प्रदेश पाचव्या अनुसूचीत आले आणि तिच्यात अशी तरतूद नाही. सत्तरच्या दशकात केंद्राने आदिवासी भागांसाठी अबकारी धोरणाची मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. व्यापारी दुकाने बंद करावीत आणि घरच्या वापरापुरते पारंपरिक पेय करू द्यावे, असा त्यांचा आशय होता. सूत्रे बंधनकारक नव्हती, त्यामुळे प्रत्येक राज्याने आपल्या सोयीने ती वाचली. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा वा ते नियंत्रित करण्याचा अधिकार दिला. म्हणजे गावाला बंदी घालता येते; राज्याने घातलेली बंदी सैल करता येते की नाही, याबाबत मात्र कायदा मुग्ध आहे. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ खाली राज्यपाल एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होणार नाही, असे जाहीर करू शकतात. घरगुती आंबवणीपुरता हा मार्ग वापरण्याचा विचार राजभवनांना अवघड जावा, असे त्यात काही नाही.

ज्या सवलती आज आहेत त्या क्रियेला नाहीत, जमातीला आहेत. याचे दोन परिणाम होतात. बिगर-आदिवासीला कितीही निरुपद्रवी कारणासाठी आंबवता येत नाही. केरळच्या अबकारी खात्याने २०१९ च्या नाताळाआधी घरगुती वाईनसंबंधी इशारा देणारे परिपत्रक काढले, तेव्हा तेथील ख्रिस्ती कुटुंबांना हा धक्का बसला होता. तेथील अबकारी कायद्यात बेकायदा मद्यनिर्मितीला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. आणि ज्या आदिवासीला सवलत आहे, तिचीही हद्द राज्याच्या सीमेपाशी संपते. मजुरीसाठी दिल्ली-गुरुग्रामला आलेल्या संथाळ जोडप्याचे आधारपत्र येथे चालते, सवलत चालत नाही.

बळी आणि बाटली

याच्या विरुद्ध बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. विक्रोळीत २००४ मध्ये, मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये, आसामच्या गोलाघाट-जोरहाटमध्ये २०१९ मध्ये, बिहारच्या सारणमध्ये २०२२ मध्ये, तामिळनाडूच्या कल्लाकुरिचीत २०२४ मध्ये विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत शंभराहून अधिक, आसामात दीडशेहून अधिक. प्रत्येक वेळी शिक्षा वाढवण्याची मागणी झाली आणि बहुधा ती मान्यही झाली. अहमदाबादच्या २००९ च्या दुर्घटनेनंतर गुजरातने तर विषारी दारूने मृत्यू झाल्यास देहदंडापर्यंतची तरतूद केली.

या दुर्घटनांचा घरगुती आंबवणीशी संबंध फार थोडा आहे. माणसे मरतात ती मिथेनॉलने. भात वा द्राक्षे आंबवताना ते जीव घेईल एवढे तयार होत नाही. कारखान्यांसाठी असलेले मिथेनॉल चोरून वळवले जाते आणि स्वस्तात नशा वाढवण्यासाठी पिंपात ओतले जाते, तेव्हा गुत्ता स्मशान होतो. हा पुरवठासाखळीचा, संगनमताचा आणि पैशाचा गुन्हा आहे. त्याला उत्तर म्हणून मडके फोडणे सोपे असते, छायाचित्रही चांगले येते. मिथेनॉलचा टँकर कोठून निघाला हे शोधणे कठीण असते.

मात्र दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो स्त्रियांचा आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती मुंबईच्या लहरीने नव्हे; आधीची काही वर्षे तेथे लोकांनीच आंदोलन चालवले होते आणि त्यात आदिवासी स्त्रिया आघाडीवर होत्या. महाराष्ट्रभर 'आडव्या बाटली'ला मते देऊन दुकाने बंद पाडणाऱ्या बायकांना, घरात मडके चालेल पण दुकान नको, हा भेद कितपत पटेल? मोहाची दारू घरी गाळली जाते तेव्हा मारही घरातच पडतो. संस्कृतीच्या नावाखाली केलेली सरसकट सूट या बायकांना एकटे पाडील. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली, तेव्हा झालेल्या वादात हीच चिंता होती.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष सरसकट बंदीचा नाही. आंबवणे आणि गाळणे, घर आणि गुत्ता, पाच लिटर आणि पाचशे लिटर यांत फरक करा, असे तो सांगतो. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठीचा परवाना रद्द केला. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून एका प्रौढामागे वर्षाला शंभर आणि एका घराला दोनशे गॅलन बिअर करमुक्त ठरवली. दोन्ही देशांत परवान्याविना घरी दारू गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे. ज्या इंग्रजांकडून आपण मडके आणि भट्टी एकाच दावणीला बांधायला शिकलो, त्यांनी आपल्या घरची दावण सोडून साठ वर्षे झाली.

मग आपल्याकडे हे का होत नाही? एक कारण पैशाचे. वस्तू व सेवा करानंतर राज्यांच्या हाती स्वतः दर ठरवता येतील असे कर थोडेच उरले. पेट्रोल-डिझेल, मुद्रांक आणि मद्य हे त्यांतले मोठे. अनेक राज्यांच्या स्वतःच्या करउत्पन्नात मद्याचा वाटा दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या नोंदी ८ व ५१ राज्ये जिवापाड जपतात. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही नोंद ८ मध्ये येते, असा निर्णय दिला, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे मत वेगळे होते. या निकालाने राज्यांची पकड आणखी घट्ट झाली. घरगुती पेयाचा देशभर एकच नियम दिल्लीतून येईल, ही आशा त्यामुळे कुणी बाळगू नये.

दुसरे कारण मतांचे. मद्याविषयी सैल बोलणे कोणत्याच पक्षाला परवडत नाही. नितीशकुमारांनी २०१५ मध्ये बायकांना दिलेले वचन त्यांना दीर्घकाळ पुरले. बिहारमधील खटल्यांच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये, कायदा करताना दूरदृष्टी न ठेवल्याचे उदाहरण म्हणून या कायद्याचा उल्लेख केला, तरी सरकार हलले नाही. सत्तेवर येताच बंदी उठवू, असे उघड सांगणाऱ्या जनसुराज पक्षाला २०२५ च्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. त्या पराभवाची कारणे अनेक होती, पण पाटण्यातले राजकारणी त्यातून कोणता अर्थ काढतील हे उघड आहे. गुजरातमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये गिफ्ट सिटीतल्या उपाहारगृहांपुरती बंदी सैल झाली. डांगच्या पाड्यांवर ती होती तेवढीच कडक आहे.

राज्यांनी शोधलेला मधला मार्ग निराळा आहे. ती मडक्याला सूट देत नाहीत, मडक्याचा माल करतात. गोव्यात काजूची फेणी २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवती झाली आणि पुढे राज्याचे वारसा-पेय ठरली. पण तेथेही भाटी लावायला अबकारी परवाना लागतोच, पहिल्या धारेच्या हुर्राकालाही. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवून अलिराजपूरच्या बचतगटांकडून 'मोंड' नावाने बाटलीबंद केले. मेघालयाने २०२० मध्ये फळांच्या वाईनला परवान्याची वाट करून दिली, केरळाने २०२२ मध्ये छोट्या वायनरींचे नियम केले, आसामच्या दिमासा समाजाच्या 'जुडिमा'ला २०२१ मध्ये मानांकन मिळाले. दारूबंदी असलेल्या मिझोरामनेही मार्च २०२५ मध्ये स्थानिक फळांची वाईन आणि तांदळाची बिअर करून विकण्यास परवाने देणारी दुरुस्ती संमत केली. हे सारे स्वागतार्ह आहे. काही कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळेल. पण परवाना, शुल्क, लेबल आणि प्रयोगशाळेचा दाखला यांतून ज्यांना जाता येईल त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. जिला विकायचेच नाही, सोहरायला चार मडकी लावायची आहेत, तिच्यासाठी यात काही नाही.

त्यामुळे आज मितीला स्थिती अशी की, दुमक्यातले मडके कायदेशीर, बांक्यातले बेकायदेशीर. बालाघाटची भट्टी मर्यादेत चालते, गोंदियाची नाही. आसामच्या स्वायत्त जिल्ह्यांतली आंबवणी घटनेने राखलेली, गडचिरोलीची नाही. आणि दिल्लीतल्या सरकारी निवासस्थानातली द्राक्षांची बरणी कोणत्याच सवलतीत बसत नाही. ती भरणाऱ्याने कलम ३३ एकदा वाचून घ्यावे. पाटणा किंवा गांधीनगरचा बदली-आदेश हाती असेल, तर बरणी सामानात बांधू नये. मोहोरबंद बाटलीसुद्धा त्या राज्यांच्या सीमेवर अडते.